आल्फ्रेड वेगेनर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. उमरखेड तालुक्याच्या काळ्या, कसदार भूमीला वळसा घालीत आणि सहस्रकुंडाच्या काळ्याभोर खडकांवरून कोसळत ती पूर्वेकडे जाते व पुढे वर्धा नदीस मिळते. त्या संगमाच्या परिसरात, चंद्रपूरच्या पश्चिमेस, इरई नावाचे एक गाव आहे. १८७० नंतरच्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील फेडन नावाच्या अधिकाऱ्यास तेथे नदीच्या पात्रात एक विलक्षण गोष्ट आढळली. चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले लांब, समांतर ओरखडे होते. असे ओरखडे पाण्याने पडत नाहीत. जाड बर्फाचे थर आपल्या तळाशी अडकलेले दगडगोटे घेऊन खडकावरून सरकू लागले, म्हणजेच ते पडतात.

वैशाखात जेथे पाखरू सावली सोडीत नाही, त्या विदर्भात हिमनद्या आल्या कोठून? असेच ओरखडे आणि त्याच काळाचे दगडगोट्यांचे थर दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया या खंडांतही सापडले होते. हे खंड परस्परांपासून हजारो मैल दूर. काही तर विषुववृत्ताच्या जवळ. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी या सर्व भूमीवर एकाच वेळी बर्फ पसरले होते, असे मानावे, तर उष्ण कटिबंध उष्ण राहिला कसा, हा प्रश्न उरे. या कोड्याचे उत्तर ज्यांनी धैर्याने जगापुढे मांडले आणि ज्यांना त्यापायी आयुष्यभर उपहास सोसावा लागला, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे आल्फ्रेड वेगेनर होत.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी जर्मनीची राजधानी बर्लिन येथे झाला. वडील रिचर्ड वेगेनर हे धर्मशास्त्राचे जाणकार व प्राचीन भाषांचे शिक्षक होते. त्यांच्याकडे एका अनाथालयाचीही व्यवस्था होती. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटे. थोरले बंधू कुर्ट यांच्यावर त्यांचा विशेष जीव होता. बर्लिनच्या विद्यापीठात त्यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास केला आणि १९०५ मध्ये डॉक्टर ही पदवी मिळविली. परंतु दुर्बिणीजवळ एका जागी बसून राहणे त्यांच्या स्वभावास मानवण्यासारखे नव्हते. त्यांचे मन वाऱ्या-वादळांकडे आणि बर्फाच्छादित प्रदेशांकडे ओढ घेत होते. म्हणून त्यांनी हवामानशास्त्राची वाट धरली.

त्या काळी उंचावरील हवेची माहिती मिळविण्यासाठी पतंग आणि फुगे यांचा उपयोग करीत. १९०६ च्या एप्रिल महिन्यात आल्फ्रेड आणि कुर्ट हे दोघे बंधू फुग्यात बसून आकाशात गेले व सलग बावन्न तासांहून अधिक काळ हवेत राहिले. तोवर इतका वेळ कोणीही आकाशात राहिले नव्हते. त्याच वर्षी वेगेनर एका डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेले. ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. त्याचा बहुतेक भाग सदैव बर्फाखाली झाकलेला असतो. दोन वर्षे तेथे राहून त्यांनी हवामानाच्या नोंदी केल्या. या मोहिमेचे प्रमुख मिलिउस-एरिक्सन आणि त्यांचे दोन सोबती बर्फात मृत्यू पावले. हा प्रदेश चुकीला क्षमा करीत नाही, हे तरुण वेगेनर यांनी तेव्हाच पाहिले; तरीही त्याची ओढ त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

तेथून परतल्यावर ते मारबुर्ग विद्यापीठात शिकवू लागले. १९१० च्या नाताळच्या सुमारास एका मित्राकडील नवा नकाशासंग्रह चाळताना त्यांचे लक्ष अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांकडे गेले. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसावेत असे दिसत होते. एखादी भाकरी मोडावी आणि तिचे दोन तुकडे थोड्या अंतरावर ठेवावेत, तसे ते दिसले. हे साम्य त्यांच्या आधीही काहींच्या ध्यानात आले होते. पण केवळ आकार जुळतो एवढ्यावर शास्त्रीय सिद्धान्त उभा राहत नाही, हे वेगेनर जाणून होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या वाचनात असे आले की, ब्राझील आणि आफ्रिका या दोन्ही ठिकाणी एकाच जातीच्या प्राचीन प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. मग ते पुरावे गोळा करण्याच्या मागे लागले.

त्या काळच्या विद्वानांनी या साम्याचे एक उत्तर शोधून ठेवले होते. खंडांना जोडणारे मोठे भूसेतू पूर्वी होते आणि ते पुढे समुद्रात बुडाले, असे ते म्हणत. दक्षिणेकडील अशा एका विशाल प्राचीन भूमीला ऑस्ट्रियातील भूशास्त्रज्ञ झ्यूस यांनी गोंडवनभूमी असे नाव दिले होते. हे नाव मूळचे आपल्याकडचे. गोंड लोकांच्या प्रदेशात जे कोळशाचे खडक सापडले, त्यांवरून ते पडले. यवतमाळ जिल्ह्यातील वणीचा कोळसा याच खडकांतला. या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे आढळतात. तेच ठसे दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही मिळतात.

भूसेतू बुडाले ही कल्पना वेगेनर यांना पटेना. खंडांचे खडक हलके असतात आणि समुद्रतळाचे खडक जड असतात. पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका आपण होऊन तळाशी जात नाही. तद्वत् हलक्या खडकांचा एवढा मोठा भूभाग समुद्राच्या तळाशी जाणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग एकच मार्ग उरतो : खंड पूर्वी एकत्र होते आणि पुढे ते एकमेकांपासून दूर सरकले. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हा विचार प्रथम मांडला. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

सभेनंतर काही महिन्यांतच ते पुन्हा ग्रीनलंडला गेले. कोख नावाच्या डॅनिश अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली चार जणांनी बर्फावर हिवाळा काढला आणि १९१३ मध्ये ते विशाल बेट पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केले. शेवटी त्यांचे अन्न संपले होते आणि मृत्यू अगदी समोर येऊन उभा होता. परत आल्यावर वेगेनर यांचा विवाह प्रसिद्ध हवामानशास्त्रज्ञ क्योपेन यांची कन्या एल्झे यांच्याशी झाला. त्यांना पुढे तीन मुली झाल्या.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि वेगेनर यांना सैन्यात जावे लागले. त्याच वर्षी ते दोनदा जखमी झाले. सक्तीच्या विश्रांतीचा तो काळ त्यांनी वाया घालविला नाही. १९१५ मध्ये त्यांचा खंड व महासागर यांच्या उत्पत्तीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९२९ पर्यंत त्यांनी त्याच्या तीन सुधारित आवृत्त्या काढल्या आणि प्रत्येक आवृत्तीत नवीन पुराव्यांची भर घातली.

या ग्रंथातील विचार थोडक्यात असा. फार प्राचीन काळी सर्व खंड मिळून एकच विशाल भूमी होती. तिलाच पुढे पँजिया म्हणू लागले. ती भंगली आणि तिचे तुकडे निरनिराळ्या दिशांना गेले. दक्षिणेकडील खंड जेव्हा दक्षिण ध्रुवाजवळ एकत्र होते, तेव्हा त्यांच्यावर बर्फाचे एकच आवरण होते. पैनगंगेच्या पात्रातील ओरखडे त्याच काळाचे आहेत. पुढे भारताची भूमी उत्तरेकडे सरकली आणि आशियाला भिडली. त्या दाबाने मधले खडक चुरगळून उंच उचलले गेले; तोच हिमालय होय.

या ग्रंथात वेगेनर यांनी आणखी एका गोष्टीचा विचार केला होता. आशिया खंडाच्या पूर्वेकडील नकाशा पाहा. अल्युशियन, कुरील, जपान, रिउक्यू, फिलिपिन्स अशा बेटांच्या रांगा तेथे दारावर बांधलेल्या तोरणांप्रमाणे एकापुढे एक लोंबत असलेल्या दिसतात. प्रत्येक तोरण धनुष्यासारखे वाकलेले असून त्याची फुगीर बाजू महासागराकडे असते. तोरण आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये एक लहान समुद्र असतो, आणि तोरणाच्या बाहेरच्या अंगास समुद्राच्या तळाशी अतिशय खोल गर्ता असते. या बेटांच्या रांगांना द्वीपचाप म्हणतात. वेगेनर यांच्या मते ही बेटे एके काळी मुख्य भूमीचीच कड होती. खंड पश्चिमेकडे सरकला, त्याची कड समुद्रतळाला चिकटून मागे राहिली आणि मध्ये पडलेल्या फटीत समुद्र शिरला. त्यांच्या या विचारातील एक भाग खरा व दुसरा चुकीचा होता, हे पुढे अर्धशतकाने ठरावयाचे होते.

भूशास्त्रज्ञांनी या ग्रंथाचे स्वागत केले नाही. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने आमच्या शास्त्रात लुडबूड का करावी, असा अनेकांचा सूर होता. १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या विद्वानांच्या परिषदेत या मतावर कठोर टीका झाली. परंतु सर्वच टीका मत्सरातून आलेली नव्हती. एवढे प्रचंड खंड हलविणारी शक्ती कोणती, हा प्रश्न रास्त होता. वेगेनर यांनी पृथ्वीच्या परिवलनातून उत्पन्न होणाऱ्या काही शक्ती सुचविल्या. तथापि इंग्लंडमधील जेफ्रीज यांनी गणिताने दाखवून दिले की, त्या शक्ती फारच दुबळ्या आहेत. खंडांच्या सरकण्याचा जो वेग वेगेनर यांनी काढला होता, तोही प्रत्यक्षापेक्षा फार अधिक होता. कारण सापडले नाही म्हणून घडलेली गोष्ट खोटी ठरत नाही, अशी मात्र त्यांची ठाम श्रद्धा होती. टीकाकारांशी ते कधी कटुतेने वागले नाहीत. जर्मनीत त्यांना प्राध्यापकाचे पद मिळाले नाही. अखेर १९२४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठाने त्यांना ते दिले.

१९३० मध्ये वेगेनर एका मोठ्या जर्मन मोहिमेचे प्रमुख होऊन ग्रीनलंडला गेले. बेटाच्या मध्यभागी, पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटर आत आणि तीन हजार मीटर उंचीवर, एक ठाणे उभारावयाचे आणि वर्षभर तेथील हवामानाच्या नोंदी घ्यावयाच्या. तसेच बर्फाच्या थराची जाडी मोजावयाची, असा बेत होता. प्रारंभीच दैव प्रतिकूल झाले. किनाऱ्याजवळील बर्फ वेळेवर फुटले नाही आणि सामान उतरविण्यास पाच आठवड्यांहून अधिक विलंब झाला. मोटारीच्या घसरगाड्या निरुपयोगी ठरल्या. मध्यवर्ती ठाण्यावर गेओर्गी आणि झोर्गे हे दोन शास्त्रज्ञ पोहोचले होते. परंतु हिवाळ्यास पुरेल एवढे अन्न व इंधन त्यांच्यापाशी नव्हते. ते बर्फात खणलेल्या गुहेत राहत होते.

सोबत्यांना संकटात सोडून किनाऱ्यावर स्वस्थ बसणे वेगेनर यांना शक्य नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस ते लेवे नावाचे शास्त्रज्ञ आणि तेरा ग्रीनलंडवासी यांना घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांनी निघाले. थंडी भयंकर होती. वादळे थांबत नव्हती. बरोबरीची बहुतेक माणसे एकामागून एक परत फिरली. शेवटी वेगेनर, लेवे आणि रास्मुस व्हिलुमसन नावाचा एक ग्रीनलंडवासी तरुण असे तिघेच उरले. शून्याखाली पन्नास अंशांहून अधिक थंडीत चालून ते ३० ऑक्टोबर रोजी ठाण्यावर पोहोचले. लेवे यांच्या पायाची बोटे गोठून गेली होती. ती पुढे साध्या चाकूने कापावी लागली. आणावयाचे सामान वाटेतच टाकावे लागले होते. पाच माणसांना हिवाळाभर पुरेल एवढे अन्न ठाण्यावर नव्हते. तिघांना मात्र काटकसरीने पुरले असते.

१ नोव्हेंबर रोजी वेगेनर यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी ते रास्मुसला बरोबर घेऊन परतीच्या वाटेला लागले. ते दोघे किनाऱ्यावर कधीच पोहोचले नाहीत. ठाण्यावरचे तिघे समजत होते की, ते सुखरूप पोहोचले असतील. किनाऱ्यावरचे समजत होते की, ते ठाण्यावरच राहिले असतील. १२ मे १९३१ रोजी शोध घेणाऱ्यांना वाटेच्या मध्याजवळ बर्फात खोचलेल्या वेगेनर यांच्या घसरपट्ट्या दिसल्या. त्यांच्याखाली वेगेनर यांचा देह निजविलेला होता. रास्मुसने तो नीट वस्त्रांत गुंडाळून, शिवून, आदराने पुरला होता. अतिश्रमाने हृदय बंद पडून त्यांना मृत्यू आला असावा. रास्मुस त्यांची रोजनिशी घेऊन एकटाच पुढे गेला. त्याचा मात्र पत्ता कधी लागला नाही. ठाण्यावरचे तिघेही वाचले आणि मोहिमेचे काम कुर्ट वेगेनर यांनी पूर्ण केले.

वेगेनर यांच्यामागे त्यांचा विचार काही काळ अडगळीत पडला. दक्षिण आफ्रिकेतील दु त्वा, इंग्लंडमधील होम्स अशा थोड्या विद्वानांनी तो जिवंत ठेवला. पृथ्वीच्या पोटातील तप्त खडक अतिशय मंद गतीने वर-खाली फिरत असावेत आणि तीच खंडांना हलविणारी शक्ती असावी, असे होम्स यांनी सुचविले. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रतळाचे नकाशे तयार झाले. महासागरांच्या मध्यावर लांबच लांब पर्वतरांगा आहेत, तेथे सतत नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, हे १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. पृथ्वीचे कवच काही मोठ्या पट्टांचे बनलेले असून ते सर्व पट्ट चालत असतात, हा सिद्धान्त सर्वमान्य झाला. खंड समुद्रतळ फोडीत जातात, हे वेगेनर यांचे म्हणणे टिकले नाही. ते पट्टांवर बसून जातात. पण ते जातात, हे मात्र खरे ठरले.

द्वीपचापांचे कोडेही याच सिद्धान्ताने उलगडले. जपानी शास्त्रज्ञ वादाती यांनी १९२० नंतरच्या दशकात अतिशय खोलवर होणाऱ्या भूकंपांचा पुरावा दिला होता. जपानात समुद्राकडून मुख्य भूमीकडे जावे, तसतशी भूकंपांची केंद्रे अधिकाधिक खोल जातात, असे आढळले. तेथे समुद्रतळाचा थंड व जड पट्ट दुसऱ्या पट्टाखाली तिरपा बुडत असतो. तो जेथे बुडतो, तेथे गर्ता असते. तो सुमारे शंभर किलोमीटर खोल गेला की, त्याच्या खनिजांतील पाणी बाहेर पडून वरच्या तप्त खडकांत शिरते. त्या पाण्यामुळे खडक कमी उष्णतेतही वितळू लागतात. तो शिलारस वर येतो आणि ज्वालामुखी बेटांची कमान तयार होते. बुडणारा पट्ट आपल्या भाराने खाली जाताना बुडण्याची रेघच हळूहळू महासागराकडे सरकत जाते. त्या ओढीने वरच्या पट्टाची कड ताणली जाऊन चिरते, चिरेतून शिलारस येऊन नवा समुद्रतळ बनतो आणि बेटांच्या पाठीमागे नवा समुद्र उघडतो. त्यास पश्चचाप द्रोणी म्हणतात. जपानचा समुद्र सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी असाच उघडू लागला. जपानची बेटे एके काळी मुख्य भूमीला जोडलेली होती, हे वेगेनर यांचे अनुमान खरे होते. ती दूर का गेली याचे कारण मात्र त्यांना गवसले नव्हते.

असा द्वीपचाप भारतातही आहे. अंदमानचे नाव महाराष्ट्राला काळ्या पाण्यामुळे आणि सेल्युलर कारागृहामुळे परिचित आहे. त्या बेटांच्या पश्चिमेस भारतीय पट्ट तिरका होऊन खाली बुडतो. पूर्वेस बॅरन बेटाचा ज्वालामुखी आहे. भारतातील हा एकच जागृत ज्वालामुखी. दीर्घ काळ शांत राहून १९९१ मध्ये तो पुन्हा पेटला. त्याच्याही पूर्वेस अंदमानचा समुद्र असून त्याचा तळ आजही फाकत आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी याच रेषेवर पट्ट एकाएकी घसरले. त्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामी लाटांनी हिंदी महासागराच्या काठचे दोन लाखांहून अधिक लोक बळी घेतले. निकोबारची गावेच्या गावे वाहून गेली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबाद येथे त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले. पट्ट कोठे बुडतो आणि कोठे अडकतो, हे ज्ञान आज किनाऱ्यावरच्या माणसांचे प्राण वाचविण्यास उपयोगी पडते. एका माणसाने नकाशात पाहिलेल्या साम्यापासून हे ज्ञान येथवर आले.

वेगेनर यांनी दोन गोष्टींसाठी आपले आयुष्य वेचले : सत्यासाठी आणि सोबत्यांसाठी. पहिलीमुळे त्यांना उपहास सोसावा लागला, दुसरीमुळे प्राण द्यावे लागले. त्यांच्या हातून चुका झाल्या. परंतु पुरावा समोर असताना केवळ मोठ्यांना आवडत नाही म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह ग्रीनलंडच्या बर्फातच ठेवण्यात आला. त्यावर दरवर्षी नवे हिम साचत गेले, आणि त्या हिमाबरोबर तो अत्यंत मंद गतीने समुद्राकडे सरकत आहे.